तुळशीवर पाय

मी तो गेम विकत घेतला तो निव्वळ सूड उगवायला. जुने दिवस आठवले, पुन्हा एकदा खेळून बघावंसं वाटलं, असलं काही नाही. चुलतभावाचा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर आला: दहा वर्षं झाली, नवी आवृत्ती काढलीय, सगळ्यांचे आशीर्वाद असूद्यात. खाली पन्नास जोडलेले हात, फुलं, लाडू. मीही एक अंगठा टाकला. मग नवऱ्याचा लॅपटॉप उघडला, गेम उतरवून घेतला आणि म्हटलं, आता बघतेच तुझ्याकडे.

गेमचं नाव इथे लिहिणार नाही. त्याची फुकट जाहिरात मी बरी करीन! पण तो काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. परकर नेसलेली एक मुलगी आहे. तिचा कोंबडा पळालाय. त्याच्यामागे ती घरातून निघते आणि अंगण, माडाची बाग, व्हाळ म्हणजे आमचा ओढा, भाताच्या मळ्यातल्या मेरा म्हणजे बांध, कातळ, सुरूचं बन असं करत करत समुद्रावर पोचते. उड्या मारायच्या, पडायचं, पुन्हा उठायचं. आमच्या लहानपणी टीव्हीला डबा जोडून खेळायचे तसा, मुद्दाम जुन्या वळणाचा: मोजके रंग, चौकटी-चौकटींची चित्रं आणि पिपाणीसारखं वाजणारं संगीत. मोठ्या कंपनीनं केलेला नव्हे. दोन माणसांनी घरी बसून केलेला.

दोन माणसांनी. गेम संपल्यावर पडद्यावरून जी नावं सरकत जातात, त्यात मात्र एकच आहे.

आम्ही तो कुणकेश्वरच्या घरात केला. मी चित्रकलेची पदविका घेऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते आणि हा पुण्याची नोकरी सोडून आला होता. घर काकीचं, म्हणजे त्याच्या आईचं. माझंही तेच, माझी आई मी सातवीत असताना गेली, वडील नोकरीपायी कायम बाहेरगावी, त्यामुळे मला वाढवलं काकीनंच. दुपारी ती आडवी झाली की आम्ही पडवीत बसायचो. तो कॉम्प्युटरवर आणि मी आलेखाच्या वहीवर. सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या, एवढ्यात सगळं बसवायचं. कुणाला हे सोपं वाटत असेल तर त्यानं सोळा चौकटींत कोंबडा काढून दाखवावा, तोही रागावलेला. मी काढला. नारळ फेकणारं माकड काढलं, व्हाळातली कुर्ली काढली, ती नांगी वर करते तेव्हा तिचे डोळेही वर होतात. गोठा, विहिरीचा रहाट, कपडे धुवायचा दगड, परसातली लाकडांची रास. आणि अंगणात आमची तुळस: चौकोनी वृंदावन, खाली गेरूचा पट्टा, दिव्याचा कोनाडा, वर मंजिऱ्या. चारशेच्या वर चित्रं मी एकटीनं काढली. भावाला साधा माड काढता येत नाही. तो काढतो ते केरसुणीसारखं दिसतं.

गेम बाहेर पडला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. मालवणला आले, पहिल्याच रविवारी नवऱ्याला शेजारी बसवलं आणि त्याच्यासमोर अख्खा गेम खेळले. शेवटी नावं सरकू लागली. मी म्हटलं, "आता येईल हां." गेम भावाचा, संगीत कुणाकडून तरी घेतलेलं, आभार आई-वडिलांचे, आभार गावाचे. मग काळा पडदा आला.

नवऱ्यानं अगदी हळू विचारलं, "तुझा नाव खंय आसा गो?"

नव्या नवऱ्यासमोर अशी फजिती शत्रूचीही होऊ नये. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "तुझा नाव बदलला ना गो. आता खंयचा घालू, ता समाजला नाय. चुकीचा पडूक नको म्हणान ठेवलंय तसाच."

आता हे खरं, की आमच्यात लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. नवऱ्यालाही ते दुसऱ्या दिवशी आठवेना, तो आजतागायत मला जुन्याच नावानं हाक मारतो. पण एवढा लाखभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला एक फोन करून नाव विचारता आलं नाही? मी त्यानंतर कधी तो विषय काढला नाही. विषय काढला नाही याचा अर्थ विसरले असा नव्हे. दर मे महिन्यात त्याला पुण्याला जाणारी आंब्याची पेटी मी भरायचे, ती तीन वर्षं खालच्या थरात डागी आंबे घालून भरली. त्याला पत्ताही लागला नाही. पेटी न उघडताच त्यानं शेजाऱ्यांना दिली असणार. एकदा पेपरात त्याची मुलाखत आली. 'गावाकडच्या आठवणी मी चितारल्या,' असं त्यात म्हणाला होता. चितारल्या! तो कागद मी मासळी गुंडाळायला वापरला.

तर अशा तयारीनं मी दहा वर्षांनी त्या गेमकडे गेले. चुका काढायच्या होत्या. वहीच घेऊन बसले होते. पहिली चूक लगेच सापडली: संध्याकाळच्या आभाळात त्यानं कुणाकडून तरी गुलाबी रंग भरून घेतलाय. कुणकेश्वरला आभाळ असं गुलाबी कधी झालंय? मी तिथे पितळेसारखा पिवळा वापरला होता आणि तो तसाच असतो. हे लिहिलं. मग ती मुलगी अंगणात आली, धुवायच्या दगडावर चढली, गोठ्याच्या कौलांवर गेली, आणि वहीत पुढचं काही लिहायचंच राहिलं. माझी बोटं सगळं ओळखत होती. व्हाळापाशी कुर्लीनं नांगी वर केली, डोळे वर केले, आणि मी मोठ्यानं हसले. इतकी चांगली कुर्ली! मी दातओठ खात बसले होते आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं. रागाच्या दृष्टीनं हे फार गैरसोयीचं होतं.

शेवटी पुन्हा तीच नावं सरकली. आभार आई-वडिलांचे, आभार गावाचे. राग जिथल्या तिथे परत आला, उलट दुप्पट होऊन.

नव्या आवृत्तीत एक गोष्ट मात्र नवी होती. गेम सुरू करताच पहिल्या पडद्यावर एक फलक येतो. घरापासून समुद्रापर्यंत सगळ्यात कमी वेळात कोण पोचलं, त्यांची नावं. जगभरातले लोक त्यासाठी महिनोन्‌महिने झटतात म्हणे. खाली भावानं स्वतः लिहिलं होतं की या वर्षाअखेरीस जो पहिला असेल, त्याचं नाव या पडद्यावर कायमचं राहील, पुढे कुणीही पुसणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत नव्हे. पहिल्या पडद्यावर, त्याच्या नावाच्याही वर. त्यानं दिलं नाही तर मी घेईन, आणि तेही त्याच्या नाकावर टिच्चून, असं मी त्या दिवशी ठरवलं.

जून होता. मी मालवणच्या शाळेत चित्रकला शिकवते, तीनला घरी येते. नवऱ्याचं बंदरावर होड्यांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून तोही तीनलाच घरी. मी खेळायची आणि तो फोनमधलं घड्याळ घेऊन शेजारी बसायचा. पहिल्या आठवड्यात माझा नंबर कुठे लागेना. त्यानं समजूत घातली, "सोड गो. ती पोरा दिवसभर ह्याच करतत." मी म्हटलं, त्या पोरांनी त्या मेरांवरून शाळेत जाऊन दाखवावं.

कारण माझ्याकडे एक गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती. ते पडदा बघून खेळत होते आणि मी गाव बघून. मळ्यातली तिसरी मेर मध्येच तुटकी आहे, कारण शेजाऱ्यानं पाणी आपल्याकडे वळवायला ती खरोखरच फोडली होती आणि मी ती तशीच काढली होती. त्या खाचेत पाय अडकतो असं सगळ्यांना वाटतं, पण तिथूनच खालच्या मळ्यात उतरलं तर एक अख्खं वळण वाचतं. कातळावरून सुरूच्या बनाकडे दोन पायवाटा आहेत, त्यातली जी लांब दिसते तीच जवळची. जुलै संपेपर्यंत मी चाळिसावी आले, मग बारावी, मग गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी तिसरी. फलकावर मात्र नुसतं 'कोंबडा' असं घालायची, खरं नाव पहिल्या जागेसाठी राखून ठेवलं होतं. नवऱ्यानं श्रावण असूनही बाजारातून सरंगा मासा आणला.

पण वरचे दोघं माझ्या तीन मिनिटं पुढे होते. तीन मिनिटं! मी एकही उडी न चुकता खेळले तरी पाच सेकंद कमी होतील, तीन मिनिटं नाही. हे लोक जातात तरी कुठून? असले खेळाडू आपला खेळ चित्रित करून लोकांना दाखवतात. पहिल्याचा व्हिडिओ मी शोधून काढला. कुठल्यातरी थंड देशातला, घरात बसून कानटोपी घातलेला पोरगा. त्यानं मुलीला ओसरीवरून अंगणात आणलं, धुवायच्या दगडावर चढवलं आणि तिथून उडी मारून दोन्ही पायांनी तुळशीवर उभं केलं.

मी "अगो बाय माझे!" म्हणून ओरडले.

ती मुलगी वृंदावनात गुडघ्यापर्यंत रुतली, थरथरली आणि एकदम उडाली ती थेट सुरूच्या बनात. बाग नाही, व्हाळ नाही, मळा नाही. सगळं ओलांडून.

मला समजायला अर्धा तास लागला आणि समजलं तेव्हा मी हसावं की रडावं असं झालं. गेम करताना आम्ही सगळं तपासलं होतं. महिनेच्या महिने त्या पोरीला विहिरीत पाडलं, कौलांवरून ढकललं, शेणाच्या खड्ड्यात उभं केलं. ज्या ज्या वस्तूवर पाय पडू शकतो तिथे पाय टाकून बघायचा, हेच तर ते काम. तुळशीवर मात्र पाय टाकून बघितला नाही. मीही नाही, त्यानंही नाही. सुट्टीत आलेल्या भावंडांना खेळायला दिलं, त्यांनीही नाही. नको असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्या मनात ते आलंच नाही. अख्ख्या गेममध्ये न तपासलेली चार बोटं जागा होती आणि ती नेमकी तिथे होती. बाहेरच्या त्या दोघांना ती दिसली, कारण त्यांना ती एक पेटी दिसत होती.

म्हणजे पहिलं यायचं तर तुळशीवर पाय द्यायचा.

आता मी काही फार सोवळ्यातली बाई नाही. उपास मला पित्तामुळे झेपत नाहीत आणि देवळात मी गाऱ्हाणं चालू असताना फोन बघते. शिवाय ती तुळस मीच काढलेली, हिरव्या-तांबड्या चौकटी, आत देव असेल तर तोही सोळा चौकटींचा. हे सगळं स्वतःला समजावून मी धुवायच्या दगडावर चढायची आणि अंगठा बटणावरून आपोआप उचलला जायचा. चार दिवस हेच. शेवटी नवरा वैतागला. "अगो, ता चित्र आसा!"

"मगे तू मार उडी," मी म्हटलं.

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, पोरीला दगडावर चढवलं, थोडा वेळ बघत बसला आणि लॅपटॉप मला परत दिला. "माका दुकानात जाऊचा आसा," म्हणाला. रविवार होता.

मी नाद सोडला. खरंच सोडला होता. तिसरी तर तिसरी, असं म्हणून चतुर्थीला कुणकेश्वरला गेले. आमचा गणपती तिथल्या घरात, सगळ्यांचा मिळून एक. कुणाचं कुणाशी पटो न पटो, गणपतीला घरी यायचंच आणि एका पंगतीला जेवायचं. भाऊ पुण्याहून आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, आरतीला अजून अवकाश होता, आणि त्यानं लॅपटॉप माजघरातल्या मोठ्या टीव्हीला जोडला. पंधरा-वीस माणसं जमली. फळं-पानं टांगलेल्या माटवीखाली गणपती, समोर टीव्ही, मध्ये हा. "इथे मी असं केलंय, इथे मी तसं केलंय," पुण्याच्या मराठीत. मी दारापाशी सुपारी कातरत बसले होते आणि त्याचं प्रत्येक 'मी' मोजत होते.

काकी पुढेच खुर्चीत बसली होती. टीव्हीवर अंगण आलं आणि तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसलं. "ही बग आमची तुळस. माझ्या झिलान काढल्यान. पुण्यात बसान घराची आठवण येय, म्हणान."

सुपारी माझ्या हातातून पडली. मी उठले, माणसांतून वाट काढत पुढे गेले आणि भावासमोर हात केला. "दी हंय."

"तू खेळतलंस?" तो हसला. कंट्रोलर दिला.

मी खाली मांडी घातली. ओसरी, पायरी, अंगण. नवरा मागून हळूच म्हणाला, "नको गो," म्हणजे त्याला कळलं होतं. धुवायचा दगड. माझा अंगठा या वेळी उचलला गेला नाही. दहा वर्षांचा राग त्या अंगठ्यात होता, त्यात तुळशीला जागा नव्हती. मी उडी मारली आणि दोन्ही पायांनी उभी राहिले.

"गोऽऽ!" काकी खुर्चीतून उठलीच. "तुळशीर पाय? शिरा पडो तुझ्या तोंडार! गणपती समोर आसा, दिसता की नाय?"

तोवर मी सुरूच्या बनात होते, आणि तिथली आडवाट त्या कानटोपीवाल्याला ठाऊक नव्हती. समुद्रकाठच्या पुळणीवर उतरले, कोंबडा धरला. टीव्हीवर वेळ झळकली आणि फलकावरची सगळी नावं एकेक पायरी खाली सरकली. अगदी वरची जागा रिकामी झाली आणि तिथे एक रेघ लुकलुकू लागली: नाव घाला.

कुणी तिकडे बघतच नव्हतं. सगळे काकीकडे बघत होते. मी मान वळवून म्हटलं, "काकी, माका कित्याक गाळी देतंस? जगभरची माणसा त्या तुळशीर पाय दितत. इचार तुझ्या झिलाक."

काकीनं त्याच्याकडे बघितलं. "खरा?"

"आये, तो बग आसा. म्हणजे चूक. छोटीशी."

"तुका म्हायत होता?"

तो टीव्हीची वायर नीट करू लागला. कान लाल झाले होते. त्याला माहीत होतं. त्याला चांगलं वर्षभर माहीत होतं, आणि लोकांना गंमत वाटते म्हणून त्यानं ते तसंच ठेवलं होतं.

"लोक माझ्या तुळशीर पाय दितत आणि तू पुण्यात बसान बगतंस?" काकीचा आवाज चढला. मी ऐकत होते. दहा वर्षांत इतकं गोड काही माझ्या कानांवर पडलं नव्हतं.

आणि मग त्यानं ते केलं जे मी कितीही कट केले असते तरी त्याच्याकडून करवून घेता आलं नसतं. मार चुकवायला त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "तुळस मी काढूकच नाय आये! हिना काढल्यान! तुळसच कित्याक, सगळा हिनाच काढल्यान. माका खंय चित्रा येतत?"

ते अख्ख्या माजघरानं ऐकलं. वीस माणसं, गणपती धरून एकवीस. मी मान ताठ केली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण ती वाटली नाही.

मागून माझा नवरा म्हणाला, "मगे तिचा नाव खंय आसा?" दहा वर्षांपूर्वी विचारलं होतं तितक्याच हळू आवाजात.

मी भावाकडे बघितलं. 'नाव बदललं' वगैरे आता म्हणेल, मग मी काय म्हणायचं ते माझ्याकडे केव्हापासून तयार होतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. आईकडे बघत होता. "आये," तो म्हणाला, "आता तूच सांग."

काकी हळूहळू खाली बसली. पदरानं तोंड पुसलं.

"मीच सांगललंय तेका," ती म्हणाली. "हिचा नाव घालू नको, सगळा तुझाच म्हणान सांग. तेवा हिचा जमत होता. मालवणची मानसा, आपल्याक ठावक नाय कशी ती. आवस नसलेला चेडू, त्यात कॉम्प्युटरार गेम करता, नाव जगभर... म्हणतीत काय? जमलेला मोडला असता तर मी हिच्या आवशीक वर जावन काय तोंड दाखवू?"

"लग्न झालं त्यानंतर?" मी विचारलं. माझी मालवणी कुठे गेली कोण जाणे.

"मगे रवला," काकी म्हणाली. "रवला ता रवला."

इतकंच. मी दहा वर्षं एका माणसावर दात धरून होते आणि ज्या हातांनी मला वेण्या घातल्या त्याच हातांनी माझं नाव पुसलं होतं. कुणाच्या वाईटासाठी नव्हे, माझ्या भल्यासाठी. म्हणजे रागावायचीही सोय ठेवली नव्हती तिनं. मी तरीही रागावले. इतकी रागावले की डोळ्यांपुढे टीव्ही दिसेना. आणि ज्या मालवणच्या माणसांना ती भ्याली होती, ती माणसं माझ्या नवऱ्याच्या रूपानं मागे उभी होती, 'तिचा नाव खंय आसा' असं विचारत. भावाचाही राग गेला नाही. आईवर आळ नको म्हणून त्यानं ते तांदळाचं खुळचट कारण पुढे केलं आणि दहा वर्षं माझा राग अंगावर घेतला, हे आता कळलं. चांगला मुलगा आहे. पण पहिलं एक वर्ष मी समजू शकते, पुढची नऊ त्यानं काय केलं? आईनं गप्प केलं आणि गप्प राहणं त्याला सोयीचं पडलं. तो म्हणाला, "तुळस मी उद्याच सारकी करतंय. तुझो टाइम पुसूचंय नाय, नियम आसा." म्हणजे ती वेळ आता कुणाला गाठता यायची नाही, एवढं मी ऐकून घेतलं. आभार मानले नाहीत.

टीव्हीवर ती रेघ अजून लुकलुकत होती.

मी उठले आणि कंट्रोलर काकीच्या मांडीवर ठेवला. "घाल," मी म्हटलं.

"काय?"

"माझा नाव. तू घाल."

"माका खंय येता ह्या?" तिनं हात मागे घेतले. "इंग्रजी अक्षरा ती. माका वाचूक पण येनत नाय."

"मी सांगतंय. ह्या बटण दाबल्यार अक्षर बदालता. ह्या दाबल्यार फुडे जाता."

"आरतीची वेळ झाली गो."

"रवांदे आरती."

कुणीतरी समजावणीचं काही बोलू लागलं, नवऱ्यानं त्याला गप्प केलं. काकीनं कंट्रोलर दोन हातांत धरला, गरम भांडं धरावं तसा. मग वर बघून विचारलं, "खंयचा? सासरचा काय हंयचा?"

"तू हाक मारतंस ता."

तिनं अंगठा बटणावर ठेवला. मी एकेक अक्षर सांगत होते: अजून पुढे, अजून, हा आता थांब. एकेका अक्षराला मिनिट-मिनिट लागत होतं. पोरंसुद्धा पुढे सरकली. समया लावून ठेवलेल्या, टाळ तयार, आणि वीस माणसं एका म्हाताऱ्या बाईला एक नाव लिहिताना बघत उभी. मला तिची दया येत होती आणि तरी मी तिला एकही अक्षर सोडलं नाही. चौथ्याला तिनं घाईत दोनदा दाबलं आणि चुकीचं अक्षर पडलं.

भाऊ पुढे झाला. "दी आये, मी करतंय."

"हात लावू नको," मी म्हटलं.

काकीनं कपाळावरचा घाम पुसला. "एवढा एक चुकला तर चलात गो," ती म्हणाली. "कोणाक कळता?"

"माका कळता," मी म्हटलं. "पूस, आणि परत घाल."